फाटकापाशी ऐकू येणारी गाडी

१४ नोव्हेंबर १९८८
जीप दिली. नवापूरचा हरेश्वर सकाळी नऊला आला, नारळ घेऊनच. पहाटे मासळीच्या पाट्या, मग दिवसभर चिल्हार फाटा ते नवापूर प्रवासी, असा त्याचा बेत. म्हणाला, "मिस्त्री, तुमी बांधलेलं इंजिन हाय, आमाला काय बगायचं नाय." बघितलंही नाही. किल्ली हातात घेतली, उतारावरून ढकलली, दुसऱ्या गिअरला सुरू. तिला तशीच सवय आहे, हे सांगायचं राहिलं होतं, पण त्याला माहीत होतं. सगळ्या बोईसरला माहीत आहे.

चौदा वर्षं. सांगाडा लिलावातला, डिझेल इंजिन मी स्वतः बसवलेलं. असो.

पालघरच्या डॉ.नी स्पष्ट सांगितलंय. सु.ची फुप्फुसं कडक होत चालली आहेत, धूर अजिबात नको. मग डिझेल घरात ठेवायचं कशाला? अंगणातली दुरुस्तीही बंद. उद्यापासून सगळे पंप रेल्वे फाटकापलीकडच्या भाड्याच्या शेडमध्ये.

सु. दारात उभी होती. जीप वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा एवढंच म्हणाली, "मला विचारलं नाहीत."

१५ नोव्हें.
शेड लावण्यात दिवस गेला. सं. सहाला सायकलने घरी. सु. खाटेवर पाठमोरी, तांदूळ निवडत. मी दारात "अगं" म्हटलं तर एवढी दचकली की सूप खाली. मग खोकला. तो थांबेपर्यंत मी तांदूळ गोळा करत बसलो.

"कधी आलात? कळलंच नाही."
चहा नव्हता. मी आलो आणि चहा नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. आल्या आल्या कप हातात यायचा. मला वाटायचं, चहा होतोच. आज म्हणाली, जीप फाटकाचे रूळ ओलांडताना दोनदा खडखडते, मग तुम्ही गिअर बदलता. ते ऐकलं की मी पातेलं ठेवते. तुम्ही जीपवरची शिडी उतरवून, हात धुऊन येईपर्यंत चहा होतो.
चौदा वर्षं मला हे ठाऊक नव्हतं. इंजिनाच्या आवाजावरून तिसऱ्या सिलिंडरचं दुखणं सांगतो म्हणून लोक मला मनोरवरून बोलवायला येतात.

१८ नोव्हें.
गाडी तर लागणारच. पंप उघडायला वाड्यांवर जावं लागतं. शिवाय महिन्यातून एकदा सु.ला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं आहे. पेट्रोलची, सेकंडहँड. माझा विचार अँबॅसिडरचा. मागची सीट रुंद, ती आडवी होऊन जाऊ शकेल.

सु.ला सांगितलं. ती म्हणाली, "कुठलीही घ्या. पण मला ऐकू आली पाहिजे."
"पेट्रोलची गाडी आहे बाई, जीप नाही."
"तुम्ही एवढे मिस्त्री, मग शोधा की."

२३ नोव्हें.
कोळगावला अँबॅसिडर बघितली. मालक पेन्शनर, गाडीला गोधडी पांघरून ठेवलेली. इंजिन ठीक, क्लच थोडा घसरतो. मागच्या सीटवर मी स्वतः आडवा होऊन बघितलं. पेन्शनर म्हणाले, "झोप काढताय की गाडी बघताय?" पाय थोडे दुमडावे लागतात. सु. माझ्यापेक्षा बुटकी, तिला पुरेल.

घरी येऊन हौसेने सांगितलं, पाय कसे राहतील, उशी कुठे ठेवायची. सु. ऐकत होती. मग म्हणाली, "मागे आडवी होऊन कुठे जातात ते मला माहीत आहे. मी तुमच्या शेजारी पुढे बसणार. जीपमध्ये बसायची तशी."
मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात आराम. ती म्हणाली, डॉक्टरांना बसवा मागे.
भांडलो. म्हणजे मी भांडलो. तिला दोन वाक्यांच्या वर दम पुरत नाही, आणि ते माहीत असूनही मी बोलतच राहिलो. लाज वाटते लिहायला.

२७ नोव्हें.
दु. तीनला घरी आलो तर ओट्यावर चहा. गार. वर साय धरलेली. शेजारची कुंदा आली होती का विचारलं. नाही.

"मग हा कुणाचा?"
सु. खिडकीकडे बघत राहिली. मग: "अकराला जीप गेली फाटकावरून."
"त्यात हरेश्वर होता."
"माहीत आहे हो. मी खुळी नाही. कानांनी ऐकलं आणि हात उठला."
तो चहा गरम करून प्यालो. ती नको नको म्हणत होती. जीप विकून मी तिचा श्वास वाचवायला निघालो होतो. आता ती दिवसातून चार वेळा रिकाम्या आवाजासाठी खाटेवरून उठते.

४ डिसेंबर, रविवार
कॉलनीतले एक इंजिनिअर बदलीवर चाललेत, त्यांची छोटी एट हंड्रेड. चार वर्षांची, पांढरी, आतून कपाटासारखी स्वच्छ. साहेब म्हणाले, "आवाज़ ही नहीं आती, मिस्त्री जी. यही तो ख़ूबी है इसकी." काय बोलणार! मी म्हटलं, हो, तोच प्रॉब्लेम आहे. त्यांना वाटलं थट्टा करतोय.

तरी फेरी मारायला मागितली. सु.शी ठरलंच होतं: मी फाटकापासून यायचं. तिला ऐकू आलं तर ती चहा ठेवणार, नाही तर नाही. मी रुळांवर मुद्दाम जोरात घेतली, गिअरही उशिरा बदलला. दारात आलो. सु. हात मांडीवर ठेवून बसलेली. पातेलं पालथं.
"नाही आली हो. खरंच कान देऊन बसले होते."
गाडी परत देऊन आलो. साहेबांनी बिस्किटं दिली. चांगला माणूस.

११ डिसें.
पालघरला डॉ.कडे. सु. बाहेर बाकावर, मी आत. फोटो उजेडासमोर धरून दाखवला. खालून वर पांढरं चढत चाललंय. म्हणाले, हे मागे जात नाही, किती वेगाने पुढे जातंय तेवढंच बघायचं.

तेव्हा जे विचारायचं होतं ते विचारलं. डॉक्टर, माझ्या धुराने झालं का? आमच्या अंगणात वीस वर्षं डिझेलचे पंप चालू करून बघतोय मी. एकेक तास. स्वयंपाकघराची खिडकी त्याच अंगणात उघडते. ती आत पोळ्या लाटायची.
"सांगता येत नाही," म्हणाले. "कारण नसतानाही होतं. तसं मनाला लावून घेऊ नका."
नाही असं म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो, की म्हणतील.

१२ डिसें.
कामात लक्ष नाही. उमरोळीच्या वाडीवर पंप जोडून आलो आणि पाना विहिरीच्या काठावरच विसरलो. संध्याकाळी अंगणात उभा राहिलो. भिंतीवर खिडकीखाली काळा पट्टा आहे. दर दिवाळीला चुना मारायचो आणि जानेवारीपर्यंत परत काळा व्हायचा. एकदाही डोक्यात आलं नाही की हा धूर भिंतीपाशी थांबत नसेल. मूर्ख माणूस.

१६ डिसें.
सु.ला सांगून टाकलं. पाच दिवस सांगायचं टाळत होतो. म्हटलं, हे माझ्यामुळे झालंय.

तिने पांघरुणाची घडी घातली. मग: "कराडला माहेरी आईबरोबर चुलीपुढे बसत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात? नंतर इथे येऊन स्टोव्ह. सगळं श्रेय तुम्हालाच हवं काय?"
मी हसलो नाही. तीही नाही.
पुढे श्वास घेऊन म्हणाली, "खिडकी मला लावता येत होती. लावली नाही. तुम्ही काम करताना दिसायचात त्यातून."
मला रडू आलं. लिहून ठेवतो, कारण तिच्यासमोर आवरलं आणि पंप बघायचा आहे म्हणून शेडमध्ये गेलो. कुठलाही पंप नव्हता बघायचा.

२० डिसें.
शिरगावला एका वाडीवाल्यांकडे पद्मिनी आहे असं कळलं. फिकट निळी. पुढची सीट बाकासारखी अखंड, गिअर स्टिअरिंगजवळ. म्हणजे सु. अगदी शेजारी बसू शकेल, मध्ये काही नाही. सुरू केली आणि मान वर केली. सायलेन्सरला पाठीमागे भोक. घुमतो चांगला. वाडीवाले ओशाळले, "एवढं बदलून देतो हां. राहूनच गेलंय."

मी म्हटलं, हात लावू नका. तसंच राहू द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला मिस्त्री कोणी म्हटलं!
धूर बघितला, पांढरा रुमाल मागे धरून. फारसा डाग नाही. भोक मागे आहे, आत वास येत नाही. घरात तर नाहीच, गाडी रस्त्यावर लावीन.
एक बरं आहे. जीप आता दुपारी फाटकावरून गेली तर सु. उठत नाही. काल मी घरातच होतो, जीप खडखडत गेली, तिने मान वळवली नाही. सुटली सवय. वाईट वाटलं, पण बरंच झालं.

२४ डिसें.
पद्मिनी फेरीसाठी आणली. तीच परीक्षा. सकाळी साडेनऊला सु.ला सांगून निघालो, बसने शिरगाव. वाडीवाले पूजेला बसले होते, खोळंबा. परतायला दीड वाजला. फाटक पडलेलं, मालगाडी. वीस मिनिटं तिथेच. मग रूळ ओलांडले, दोन खडखडाट, गिअर, आणि एकदा पाय जोरात दिला. घुमली चांगली.

दारातून आत आलो. स्टोव्हवर पातेलं. चहाचा वास!
"ऐकलीस?"
"ऐकली की."
"कशी काय वाटली?"
"तुमच्यासारखी. उगाच मोठ्याने बोलणारी."
मी लहान मुलासारखा तिथल्या तिथे फिरलो. चहा मात्र भयंकर. काळा, कडू, काढा झालेला. कधी नव्हे ते तिच्या हातचा चहा बिघडला. आनंदात दोन कप प्यालो.
ठरलं. हीच.

१ जानेवारी १९८९
गाडी घरी. कुंदाने ओवाळलं. सु. पुढे बसली, माझ्या शेजारी, शाल गुंडाळून. शिरगावच्या किल्ल्यापर्यंत गेलो. समुद्राकडे तोंड करून गाडी लावली, खाली उतरलो नाही. वारा नको म्हणून काचा वर.

येताना म्हणाली, "मला काहीतरी करू द्या की." मग असं केलं: मी क्लच दाबायचा आणि "हं" म्हणायचं, तिने गिअर ओढायचा. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्याच्या जागी चौथा, गाडी आचके देत बंद. मागून सायकलवाला हसत गेला. नंतर जमलं. पालघर नाक्यापर्यंत सगळे गिअर तिने टाकले. एकोणीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, दोघांनी मिळून केलेली ही पहिलीच अशी गंमत असेल. असं का, माहीत नाही. वेळ होता ना एवढा.
रात्री सु.च्या पायांना सूज.

९ जाने.
आजचं लिहू की नको.

दुपारी घरी आलो तेव्हा सु. झोपलेली. कुंदा ओट्यापाशी पातेलं घासत होती, करपलेलं. मी सहज म्हटलं, हल्ली चहा फार उकळते ही. कुंदा माझ्याकडे न बघता घासत राहिली. मग हळू म्हणाली,
"मिस्त्री, तिला सांगू नका मी बोलली म्हणून. तुमी सकाळी गेले का ती चा ठेवते. आटला का पानी घालते, पुन्ना ठेवते. तुमी येस्तवर तेच."
"पण तिला गाडी ऐकू येते."
"काय नाय ऐकू येत. फाटकावरची आगगाडीपन नाय येत. सोताचा श्वासच मोटा झालाय, म्हंते, कानात तोच वाजतो. म्हयना झाला."
मी म्हटलं, परीक्षेच्या दिवशी?
"त्या दिवशी तर मीच होती हितं. तुमी साडेनवाला गेले, तवापास्न दोनपरत. चार येळा दूध आणलं मी."

गाडीत जाऊन बसलो. काचा वर करून. मी त्या गाडीचं भोक बुजवू दिलं नव्हतं. आवाजावर गाडी पसंत केली मी, मिस्त्री. घरात शिरल्यावर मला पहिलं काय ऐकू येतं? तिचा श्वास. दारातून येतो. आत घेताना एक बारीक कर्रर्र, सोडताना लांब. मला ऐकू येत होता आणि तिच्या कानात तो किती मोठा असेल, हे सुचलं नाही. जीपला ती उठत नव्हती ती सवय सुटली म्हणून नव्हे.

१० जाने.
काही बोललो नाही. सं. सहाला आलो. चहा तयार. काळा. पूर्ण प्यालो.
"ऐकलीस?"
"ऐकली की."
मीच विचारतो हे. न विचारायला काय झालं होतं मला? पण विचारलं नाही तर तिला कळेल.

१४ जाने. संक्रांत
कुंदाने तिळगूळ आणला. सु.ने माझ्या हातावर ठेवला, "गोड बोला" म्हणाली. मी म्हटलं, चहा छान झालाय आज.

ती एकदम हसायला लागली. हसता हसता खोकला, मी पाठ धरली. शांत झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, "जन्मात कधी चहा छान झाला म्हणाला नाहीत. कुंदाने सांगितलं ना?"
मी कप खाली ठेवला.
"तुम्ही एवढ्या हौसेने शोधलीत. नाही आली म्हटलं असतं तर अजून चार गाड्या बघत हिंडला असतात. मला तेवढे दिवस..." पुढचं बोलली नाही. दम नव्हता म्हणून की मुद्दाम, कळलं नाही.
मी म्हटलं, आता चहा ठेवू नकोस, उठायचं नाही.
"ते मी ठरवीन."

२२ जाने.
पहाटेपासून ओठ निळसर. डॉ. म्हणाले, मुंबईला न्या, आजच. सु. पुढे बसली. मी मागची सीट म्हटलंच नाही. उशी तिच्या आणि दाराच्या मध्ये.

फाटक पडलेलं. इंजिन बंद करून थांबलो. शेजारी येऊन उभी राहिली ती आमची जीप. प्रवासी कोंबलेले, हरेश्वर चाकावर. सपाटीवर बंद केली तर परत सुरू होणार नाही, म्हणून त्याने चालूच ठेवलेली. इतकी जवळ की दरवाजा थरथरत होता. सु.ने मान वळवली, हात काचेला लावला आणि तसाच ठेवला. हाताला कळत होतं तिला. मला तर नुसत्या आवाजावरून कळलं, तिसरा सिलिंडर गेलाय.
हरेश्वरने बघितलं, सु.चा चेहरा बघितला आणि किल्ली फिरवली. जीप बंद. माणसं ओरडली त्याच्यावर. "गप ऱ्हावा," म्हणाला, "वैनीला धूर लागंल."
फाटक उघडलं तेव्हा मागे सगळे उतरून जीप ढकलत होते. मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही.
चिल्हारपर्यंत गिअर टाकताना सु.चा हात माझ्या हातावर. जोर नव्हता, नुसता वर ठेवलेला.

३० जाने.
वॉर्ड. सतरा नंबर खाट. सु.चा धाकटा भाऊ विलास रात्री थांबतो, मी दिवसा. गाडी त्याच्या चाळीखाली लावली आहे, मुलं काचेवर बोटं उमटवतात.

मोठे डॉक्टर आज बाहेर बोलावून म्हणाले, इथे ठेवून आता वेगळं काही करणार नाही. घरी ऑक्सिजनची सोय होत असेल तर न्या. मी म्हटलं, किती? त्यांनी पेन खिशाला लावलं. "घरी न्या," म्हणाले.

२ फेब्रुवारी
ठरलं ते असं. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर घेऊन मी आज टेंपोने पुढे जायचं, घरी सगळं जोडून ठेवायचं. उद्या विलास सु.ला आमच्या पद्मिनीतून आणणार, त्याची बायको सोबत, छोटा सिलिंडर तिच्यापाशी. मी म्हटलं, विलास सिलिंडर घेऊन जाऊ दे, मी तुला आणतो. सु. ऐकेना. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली,

"व्हॉल्व्ह, नळ्या तुम्हालाच जोडता येतात. विलासला दिवा बदलता येत नाही." विलास हसला. "शिवाय मी घरी येणार तर घरात कोणी नको? कुलूप उघडून आत जायचं काय मी?"
मग अगदी हळू, मला वाकावं लागलं. "मी येईन तेव्हा चहा ठेवा. मला आयता प्यायचाय एकदा."
"पाजतो."
"काळा करू नका."

३ फेब्रु.
सिलिंडर जोडला. दाब तपासला, साबणाचं पाणी लावून गळती बघितली, नाही. खाट खिडकीपाशी घेतली. अंगणाची भिंत सकाळीच चुना मारून पांढरी केली. कुंदाने चादर बदलली, खिचडी करून ठेवली आणि गेली. जाताना म्हणाली, "आली का मला हाक मारा."

समोरच्या वाण्याच्या दुकानात साडेबाराला विलासचा फोन. निघतोय. आवाज नीट येत नव्हता. ताई कशी आहे विचारलं तर "बसलीये पुढे" एवढंच ऐकू आलं, मग लाइन कटली. पुढे बसली म्हणाला. ते ऐकून बरं वाटलं.
चार तास म्हटले तरी साडेचार.

५.००. चहाचं पातेलं ठेवलं. मोजून पाणी, आलं, साखर बेताची. फाटकाकडे कान.
५.२०. दोन खडखडाट. उठलो, दारापर्यंत गेलो. जीप. हरेश्वरने हात केला, भोंगा वाजवला नाही.
पातेलं उतरवलं. परत ठेवलं.

५.४५. एक गोष्ट आत्ता लक्षात आली. पद्मिनी घरात आल्यापासून मीच चालवतोय. फाटकावरून येताना ती या खोलीतून कशी ऐकू येते, हे मी कधी ऐकलंच नाही. आतून माहीत आहे, बॉनेट उघडून माहीत आहे. इथून नाही. सगळ्या बोईसरच्या इंजिनांची नाडी मला कळते आणि ही एक गाडी ओळखता येईल की नाही, खात्री नाही. चौदा वर्षं ती या खाटेवर बसून हे करत होती. रोज. मला वाटायचं, चहा होतोच.
एक मोटार गेली. थांबली नाही. एक ट्रक. मग फाटक पडल्याची घंटा, आगगाडी, बराच वेळ काही नाही. फाटकामागे थांबलेल्यांत ते असतील.
फाटक उघडलं. सायकली, रिक्षा, लोक. नाहीत.
वाण्याकडे जाऊन विचारलं, फोन? नाही म्हणाला. विलासच्या चाळीतल्या नंबरवर लावून बघ म्हटलं तर लागत नाही. वाटेत दम घ्यायला थांबले असतील. मनोरला थांबले असतील. विलास हळू चालवतो, मीच सांगितलंय हळू चालव.

६.१०. चहा आटला. तळाला लागायच्या आत उतरवला. पाणी घातलं, थोडी पावडर, परत ठेवला. रंग बघितला. काळा होत चाललाय.
दिवा लावला. दार उघडंच ठेवलंय, खिडकीही. स्टोव्हची घरघर मध्ये येते म्हणून त्याची हवा थोडी सोडली. आता काही आलं तर ऐकू येईल.
दूध संपलं. कुंदाकडून आणायला हवं, पण तिच्याकडे गेलो आणि तेवढ्यात गाडी आली तर? बसून आहे.
तिसऱ्यांदा पाणी घातलं.